मोर्चाला बाया पुढे, पट्ट्यावर नाव गड्याचं



हा अंक 9 ऑगस्टच्या आत तुमच्या हातात पडावा म्हणून घाईने लिहिते आहे. मी सध्या पिंपरीत खोली घेऊन राहते. आठवडाभर कंपनीत, सुट्टीला संघटनेच्या कामाला, हे तुम्हाला ठाऊक आहे. अक्षराला आणि शब्दाला नावं ठेवा, पण लेख शेवटपर्यंत वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पोरींनी वाचून दाखवा. पोरांनी नाही, पोरींनी.

मागच्या बैठकीत यंदाच्या मोर्चाचं ठरत होतं. रांग कशी लावायची, कोणी कुठं थांबायचं, असं बोलणं निघालं. एक जुने जाणते दादा आहेत, ज्यांच्या मागे फिरून मी संघटना शिकले, ते म्हणाले, "बाया पुढं ठेवा. बायांवर पोलीस हात टाकत न्हाईत." सगळ्यांनी माना हलवल्या. मीसुद्धा हलवली. परतीच्या जीपमध्ये बसल्यावर मात्र माझं मलाच कसंतरी झालं. कारण तारीख कोणती धरली होती आपण? 9 ऑगस्ट. आदिवासी दिन आणि क्रांती दिन. आणि गेल्या वर्षीच्या याच तारखेला काय झालं, ते त्या बैठकीत कुणीच बोललं नाही.

ते आठवून देते. 9 ऑगस्ट 2011, मंगळवार. मावळ तालुक्यात बऊर गावाजवळ पुणे-मुंबई द्रुतगती महामार्गावर शेतकरी बसले होते. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळातून पाणी न्यायची योजना आहे, तिच्या विरोधात. पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं मेली. मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे आणि कांताबाई ठाकर. तिघांतली एक बाई. मग कुठं राहिलं ते, बायांवर हात टाकत नाहीत? हात नाही टाकला, गोळी टाकली. चौकशीला न्यायमूर्ती गायकवाड यांचा आयोग नेमला. तो त्याचं काम करील. आपलं काम आपण करायचं आहे, आणि त्यातलं पहिलं हे की हे वाक्य संघटनेत पुन्हा बोलायचं नाही.

ती योजना काय, हे वरच्या डोंगरातल्या लोकांना नीट माहीत नाही म्हणून थोडक्यात सांगते. आज धरणातून सोडलेलं पाणी पवना नदीतून वाहत खाली येतं आणि रावेतला महापालिका ते उचलते. म्हणजे वाटेतल्या गावांच्या मोटारींना, गुरांना, धुण्याला नदी मिळते. नळ टाकला की पाणी धरणातूनच थेट निगडीला. शहराचं म्हणणं असं की नदीतून आणलं तर पाणी वाया जातं, घाण होतं. वाया जातं म्हणजे काय, तर वाटेतली माणसं पितात. धरणाला चाळीस वर्षं झाली. ज्यांच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या त्यांच्यातले कितीतरी खातेदार अजून जमिनीच्या बदल्यात जमीन मागत फिरतात. त्या खातेदारांचे नातू आता माझ्याबरोबर कंपनीच्या गेटवर उभे असतात.

मी पिंपरीत सकाळी नळ सोडते तेव्हा पवनेचंच पाणी येतं. सहा पोरींच्यात एक नळ, तरी पाणी येतं. आणि आमच्या आईला चैत्र-वैशाखात दरीत उतरून झऱ्याच्या डबक्यातून वाटीवाटीने हंडा भरावा लागतो. पावसाळ्यात जिथं चार महिने ऊन दिसत नाही त्या गावात. हे लिहिताना मला लाज वाटते, पण पाणी तर मी पितेच.

आता मूळ मुद्द्याला येते. पेपरात "अशांत भाग", "संघर्षग्रस्त भाग" असं छापलेलं असलं की आपल्याला वाटतं गडचिरोली, नाहीतर पलीकडचं बस्तर. तिथं खरंच बायांचे हाल आहेत. दिवसा एक बंदूकवाला येतो, रात्री दुसरा. दोघांना भाकर हवी, आणि भाकर दिली म्हणून दोघं जाब विचारणार. भाकर कोण थापतं? दंतेवाड्याची सोनी सोरी, आपल्यासारखीच आदिवासी, शाळेत शिकवणारी बाई, मागच्या ऑक्टोबरात पकडली. कोठडीत आपल्यावर अत्याचार झाले असं तिने सुप्रीम कोर्टाला कळवलं, आणि कलकत्त्याच्या सरकारी दवाखान्यात तपासणी झाली तेव्हा तिच्या अंगात खडे सापडले. हे सगळं वाचून आपण हळहळतो आणि म्हणतो, बरं झालं बाई, आपल्याकडं तसलं काही नाही.

आपल्याकडे काय आहे मग? आपल्या मुलखाला सरकार "औद्योगिक पट्टा" म्हणतं. चाकणला मोटारींचे कारखाने, खेडच्या पूर्वेला कनेरसर, निमगाव, दावडीकडे सेझच्या जमिनीचं भांडण, भामेवर धरण, भीमेवर धरण, आणि डोंगराच्या माथ्यावर 1985 पासून भीमाशंकरचं अभयारण्य. खालून कारखाना सरकत येतो, वरून अभयारण्य. मधल्या फटीत आपण. बंदुका रोज दिसत नाहीत इतकंच. पण केस आहे, नोटीस आहे, मोजणी आहे, जीप आहे. आणि जीप आली की घरात कोण असतं?

आमच्याच घरची गोष्ट सांगते. मी सातवीत होते. वहिवाटीची नाचणीची जमीन नांगरली म्हणून आमच्या वाडीतल्या अकरा गड्यांवर केस झाली. कुठल्या ठाण्याची ते इथं लिहीत नाही, तुम्हाला माहीतच आहे. निरोप आला तसे गडी रातोरात घाट उतरून कोकणात पाहुण्यांकडे गेले. बाया कुठं जाणार? गोठ्यात जनावरं, पाळण्यात पोर, चुलीवर आंबील. रात्री जीप आली. माझ्या आईला आणि चुलतीला अंगणात उभं करून तासभर नवरे कुठं आहेत ते विचारलं. जे शब्द वापरले ते मी स्टेन्सिलवर कापणार नाही. आई काहीच बोलली नाही. चुलती म्हणाली, "गेलेत मासं धरायला." एवढ्या रात्री! त्यावर आम्ही पुढं कितीतरी वर्षं हसलो. पण त्या रात्रीपासून चुलतीला जीपचा आवाज आला की पोटात कळ येते, हे मात्र कुणी संघटनेच्या अहवालात लिहिलं नाही. अहवालात लिहिलं, "अकरा कार्यकर्त्यांवर खोट्या केसेस." बरोबर आहे, केस अकरांवरच होती. ती झेलली मात्र बावीसजणांनी.

पुढं तारखा सुरू झाल्या. वकिलाची फी कुठून आली? बाळहिरड्यातून. गडी झाडावर चढून फांदी झोडतात, ते कष्टाचंच काम आहे, पडून माणसं मेलेली आहेत, मी नाही म्हणत नाही. पण खाली वाकून वेचणं, डोक्यावरून आणणं, खळ्यावर पसरणं, पाऊस आला की धावत गोळा करणं, रात्री राखण, हे सगळं बायांचं. आणि विकायला नेलं की पावती कुणाच्या नावाने? झाड ज्याच्या सातबाऱ्यात, त्याच्या नावाने. पैसे मोजून घेतो तो. त्यात वाईट हेतू असतो असंही नाही. आमचा बाप गरीब माणूस, दारूचा थेंब नाही. पण पावती त्याच्याच नावाची.

हे झालं घरचं. आता संघटनेचं बोलते, आणि यात मी स्वतःवर सुद्धा बोलते आहे हे ध्यानात घ्या.

वनहक्काचा कायदा 2006 ला झाला, 2008 च्या सुरुवातीला नियम आले. आमच्या खोऱ्यात फॉर्म भरायला कुणी शिकलेलं मिळेना. मी नुकतीच बारावी झाले होते, अक्षर बरं. संघटनेने माझ्याकडे गठ्ठा दिला. चाळीसएक फॉर्म मी माझ्या हाताने भरले, कंदिलाच्या उजेडात, देवळाच्या ओट्यावर. फॉर्म 'अ' मध्ये पहिली ओळ असते दावेदाराचं नाव. दुसरी ओळ असते पती किंवा पत्नीचं नाव. मी पहिल्या ओळीत गड्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या ओळीत कुठं लिहिलं "सौ.", कुठं नुसतं पहिलं नाव, घाई असली तिथं रेघ मारली. फोटो चिकटवला तो एकट्या गड्याचा. कारण फोटो काढायला तालुक्याला गडी गेले होते, बायांची मजुरी बुडेल म्हणून त्यांना नेलंच नव्हतं. मला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. मला ते आपोआप सुचलं. हेच तर दुखणं आहे.

नंतर मी कायदा नीट वाचला. कलम 4, पोटकलम 4. त्यात सरळ लिहिलं आहे: लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावाने नोंदवायचा. घर एकट्या बाईचं असेल तर तिच्या एकटीच्या नावाने. नियमांच्या शेवटी पट्ट्याचा जो नमुना दिला आहे त्यातही धारकाच्या नावापुढे पती-पत्नीसह असंच छापलेलं आहे. म्हणजे सरकारने, ज्याला आपण रोज शिव्या देतो त्या सरकारने, कागदावर बाईला जागा ठेवली होती. ती जागा रेघ मारून बंद केली आपण. मी.

आमच्या शेजारच्या वाडीत एक आत्या आहे. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, जमीन तीच कसते, बांध तिने घातले. तिचा दावा भरला दिराच्या नावाने. का? "तिला कोर्टकचेरी जमंल का?" असं दीर म्हणाला, आणि मी त्याचं नाव लिहिलं. गेल्या शिमग्याला त्याने तिला सांगितलं, अर्धं शेत आता माझा पोरगा कसंल. ती माझ्या आईजवळ येऊन रडली, मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

वनहक्क समितीचं तसंच. दहा ते पंधरा माणसांची समिती, त्यात एक तृतीयांश बाया पाहिजेत असा नियम. आपल्या खोऱ्यातली कुठलीही समिती काढा, रजिस्टरमध्ये पाच बायांची नावं आहेत. बरोबर पाच, एक कमी नाही. त्यातल्या एकीला मी विचारलं, तू समितीत आहेस ना? ती म्हणाली, "कंच्या?" अंगठा घरी जाऊन घेतलेला. बैठक ठेवायची संध्याकाळी सातला, चुली पेटायच्या वेळेला, ती पण देवळात, आणि मग म्हणायचं बाया येत नाहीत. ज्या चार दिवसांत बाईला देवळाच्या पायरीला शिवू देत नाही त्या चार दिवसांत समितीची बैठक असली तर तिने काय झाडावर बसून मत द्यायचं?

मला उत्तरं ठाऊक आहेत. गेली दोन वर्षं मी हा विषय काढते आणि तीच उत्तरं ऐकते.

"आधी जमीन तर मिळू दे, मग बायांचं बघू." हे सगळ्यात जुनं. दादा, शेजारच्या मुळशीत 1921 साली टाटाच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, त्यात मावळे होते तशा बायाही उतरल्या होत्या. सेनापती बापटांचं नाव आपल्याला तोंडपाठ आहे. त्या बायांपैकी एकीचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल? मलाही येत नाही. नव्वद वर्षं झाली "मग बघू" म्हणायला. आणि जमीन मिळते तेव्हाच नाव लागतं. एकदा पट्टा एकट्याच्या नावाने छापून आला की दुसरं नाव घालायला प्रांताच्या दारात किती जोडे झिजतील ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. "मग" नावाची वेळ कधी येतच नाही.

"बाईचं नाव लावलं की ती जमीन घेऊन माहेरी जाईल." जमीन काय गाठोडं आहे? डोंगरउतारावरची वरईची पट्टी ती डोक्यावर घेऊन जाणार आहे का? आणि तुमच्या घरातून बाई निघून जाईल याची इतकी भीती तुम्हाला का वाटते, हे जरा घरी बसून विचार करा.

"पोरीचं नाव लावलं आणि तिने बिगरआदिवासी नवरा केला तर आपल्या जमातीची जमीन बाहेर जाईल." ही भीती मात्र मी हसण्यावारी नेत नाही. आदिवासी बाईच्या आडून जमिनी घेणारे आहेत, ते आपण पाहिलेत. पण दोन गोष्टी. वनहक्काचा पट्टा विकताच येत नाही, कुणालाच नाही. तो फक्त वारसाने पुढे जातो, असं त्याच कलमात आहे. आणि सातबाऱ्याची जमीन म्हणाल तर महसूल कायद्याचं कलम 36 आणि 36-अ आहे. कलेक्टरच्या परवानगीशिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जात नाही, मग ती गड्याची असो की बाईची. तरीही गेल्या ना जमिनी? कुणी दिल्या? चाकणच्या हायवेवर ढाब्यात बसून विसारपावतीवर सह्या कुणी केल्या? कुलमुखत्यारपत्रं कुणी लिहून दिली? माझ्या माहितीत त्यात एकही बाई नव्हती. बाईला ढाब्यात कुणी बसू देत नाही हे खरं आहे. म्हणूनच सांगते, कागदावर दोघांची नावं असू द्या. दोन सह्या लागल्या की एजंटाला एक सही ढाब्यात मिळेल, दुसरीसाठी त्याला घरी चुलीपर्यंत यावं लागेल. तिथं त्याचं काय होतं ते आपण बघू.

चाकणकडे काय झालं ते मी रोज येता-जाता बघते. मोबदला आला, चेक गड्याच्या नावाने. एका वर्षात बंगला, दोन गाड्या, पोराचं धूमधडाक्याचं लग्न, एक इलेक्शन. पाच वर्षांत गाडी विकली. आणि जिच्या नवऱ्याला लाखांनी मिळाले ती बाई दुसऱ्याच्या बटाट्यात रोजाने खुरपायला. असं सगळ्यांचंच झालं असं नाही, काहींनी शहाणपणाने दुसरीकडे जमीन घेतली. पण पैसे कशात घालायचे हे ठरवताना बाईला विचारलेलं घर मला अजून भेटायचं आहे. त्या लोकांचं निदान सातबाऱ्यावर काहीतरी होतं. आपल्या कातकरी बाया वीटभट्टीवर उचल घेऊन बसतात, घराखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावाची. त्यांना तर चेक नाहीच, फक्त "उठा" म्हणायचं. संघटनेच्या कागदात त्यांचा दावा वेगळा घ्यायला पाहिजे. त्यावर पुढच्या अंकात लिहीन, इथं जागा नाही.

"आपली रूढी न्हाई." हे शेवटचं उत्तर, आणि हे ऐकलं की मला जास्त राग येतो. कारण कायद्यानेही आपल्याला रूढीवर सोडलं आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम 2, पोटकलम 2 सांगतं की केंद्र सरकारने वेगळा हुकूम काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. महाराष्ट्राने 1994 ला, मग दिल्लीने 2005 ला, मुलींना बापाच्या जमिनीत मुलांइतका हक्क दिला, तो पाटलाच्या पोरीला मिळाला, माझ्यापर्यंत आला नाही. तलाठी वारसनोंदीत कधी मुलींची नावं घालतो. मग राखीच्या आसपास भाऊ साडी घेऊन येतो आणि साडीच्या घडीत हक्कसोडपत्र असतं. एखादीने सही नाही केली आणि कोर्टात गेली, तर समोरचा वकील हेच कलम काढतो. बिहारातल्या हो जमातीच्या बायांचा असाच दावा सुप्रीम कोर्टात गेला होता, 1996 ला निकाल लागला. कोर्टाने रूढी मोडली नाही, पण बाईचं पोट त्या जमिनीवर असेल तर तिला तिथून हुसकता येणार नाही, एवढं दिलं. पोटापुरतं. मालकी नाही.

रूढी म्हणता ना, मग सगळीच सांभाळा. आपल्यात पोरीच्या बापाला देज द्यायची रीत होती. ती कुठं गेली? आता आपल्यातही हुंडा मागतात, मोटरसायकल मागतात. ती रूढी बदलताना कुणाला पूर्वज आठवले नाहीत.

मी एकटी हे बोलते आहे असंही समजू नका. धुळ्याकडे शहाद्याला 1972 पासून श्रमिक संघटनेत भिल्ल बाया जमिनीच्या लढ्यात आल्या आणि त्यांनीच पुढे दारूची मडकी फोडली, नवऱ्यांच्या मारहाणीवर संघटनेलाच जाब विचारला. संघटना फुटली नाही, वाढली. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेशी आपले पन्नास मतभेद असतील, पण त्यांनी लक्ष्मी मुक्ती काढून शेतकऱ्यांना बायकोच्या नावाने जमीन करायला लावली. त्यानंतर सरकारने 1992 ला परिपत्रक काढलं, नवऱ्याने स्वतः अर्ज दिला तर तलाठी सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावतो. वीस वर्षं झाली. आपल्या खोऱ्यात एकाने तरी अर्ज दिला? मोठ्या शेतकऱ्यांनी दिले आणि आपण, जे समतेची गाणी म्हणतो, आपण नाही. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा, ज्याला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि मागच्या वर्षी स्वतःचा बांबू विकायचा पास मिळाला, तिथं ग्रामसभेत बाई-गडी सगळ्यांची संमती झाल्याशिवाय निर्णय होत नाही. आपण तिथं सहल काढून आलो. फोटोही आणले. पद्धत तिथंच ठेवून आलो.

बायांनाही एक बोलायचं आहे. "आम्हाला काय कळतंय" हे आता पुरे. किती पायलीचं शेत आहे, कुठल्या बांधाला कोण खेटलं आहे, कुठल्या झाडाचा हिरडा आधी येतो, हे तुम्हाला कळतं आणि कागद कळत नाही? कागदात याच्याहून जास्त काही नसतं. चतुःसीमा म्हणजे तुमचे चार बांध. मोर्चात घोषणा देताना तुमचा आवाज घाटाखाली ऐकू जातो, मग बैठकीत पदर तोंडात का जातो? मी पण घाबरते. हा लेख लिहून झाला की दादा माझ्याशी बोलतील की नाही, ही भीती मला आत्ताही आहे.

यंदा 9 ऑगस्टला मी मोर्चात येणार. बाया पुढे असायला माझी ना नाही, पण मग गडी त्यांच्या बाजूला खांद्याला खांदा लावून, मागे नाही. कांताबाई ठाकर, मोरेश्वर साठे, श्यामराव तुपे या तिघांची नावं तहसीलच्या पायरीवर मोठ्याने घ्यायची, बाईचं पहिलं. निवेदनात वनपट्टे द्या ही मागणी आहेच. तिच्याखाली दुसरी ओळ मी घातली आहे: पट्टे कलम 4(4) प्रमाणे दोघांच्या नावाने, विधवा आणि एकट्या बाईला तिच्या नावाने. ही ओळ खोडायची असेल तर ज्याला खोडायची त्याने मोर्चाच्या आधी सगळ्यांसमोर उभं राहून खोडावी.

मोर्चानंतरच्या रविवारी सकाळी अकराला, देवळात नाही, शाळेच्या ओट्यावर बैठक आहे. मी भरलेल्या सगळ्या फॉर्मच्या झेरॉक्स घेऊन येते. ज्यांचे दावे अजून ग्रामसभेत किंवा प्रांताकडे पडून आहेत त्या प्रत्येकाला दुरुस्तीचा अर्ज जोडायचा आहे. बायांनी येताना रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र आणि स्वतःचे दोन फोटो आणावेत. फोटो नसेल तर तशाच या, फोटोवाल्याला मी पिंपरीहून बरोबर आणते आहे, पैसे संघटनेच्या खात्यातून द्यायचे ठरवू. ज्यांनी समितीत अंगठा दिला आहे पण समिती कुठली ते माहीत नाही त्या पाचहीजणींनी यावंच.

पहिला अर्ज आत्याचा लिहायचा आहे. दिराला पण बोलावलं आहे. आत्या, तू ये. मी पेन घेऊन बसते, तुझं नाव पहिल्या ओळीत लिहिते.

तुमची,
संघटनेची एक कार्यकर्ती
पिंपरी, ऑगस्ट 2012